जुन्या पिकअप ट्रकचा जीर्णोद्धार आणि रूपांतर : गिअरबॉक्सच्या आधारे एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, नाणी व वास्तू यांना प्राधान्य दिले जाते. विसाव्या शतकाच्या अभ्यासात मात्र यंत्र हेही तितकेच महत्त्वाचे साधन ठरते. सामान्य माणसाने ज्या यंत्रावर आपली उपजीविका केली, त्या यंत्रात त्याच्या श्रमाचा, त्याच्या काळातील रस्त्यांचा आणि बाजारपेठेचा पुरावा साठलेला असतो. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला अमेरिकन पिकअप ट्रक हे असेच एक यंत्र होय. शेतकरी, सुतार, नळकाम करणारे व किरकोळ व्यापारी यांनी अनेक दशके ते राबवले. कामातून निवृत्त झालेले असे ट्रक आज हौशी मंडळी पुन्हा चालते करतात.

हे काम करणाऱ्यांत दोन प्रवाह दिसतात. पहिल्या प्रवाहातील लोक वाहन कारखान्यातून बाहेर पडले त्या वेळच्या रूपात आणतात. यास जीर्णोद्धार म्हणता येईल. दुसऱ्या प्रवाहातील लोक बाह्यरूप जुने ठेवून यंत्रणा आजच्या रस्त्यास अनुकूल करून घेतात. यास रूपांतर म्हणता येईल. या दोहोंपैकी इतिहासाशी प्रामाणिक कोण, हा वाद जुना आहे. प्रस्तुत निबंधात १९४७ ते १९५५ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले ३१०० या अर्ध्या टनी पिकअपच्या व विशेषतः त्याच्या गिअरबॉक्सच्या आधारे या वादाचा विचार केला आहे. शेव्हरोले हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे वाहनजोडणीचा कारखाना सुरू केला होता व १९५४ पर्यंत तेथे काम चालले.

पिकअपचा उदय

पिकअप हा वाहनप्रकार मूलतः वापरकर्त्यांनी घडवला. फोर्डची मॉडेल टी मोटार ग्रामीण अमेरिकेत पोहोचल्यावर शेतकऱ्यांनी तिचा मागील भाग काढून तेथे लाकडी पेटी बसवण्यास सुरुवात केली. बाजारात त्यासाठी तयार जोडसाहित्यही मिळू लागले. लोक हे करीतच आहेत असे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विक्रीस आणली. याचा अर्थ असा की, आज ज्यास 'मूळ रूप' म्हटले जाते त्याच्या उगमाशीच एक रूपांतर आहे. पुढील विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत खाजगी वापरासाठीचे वाहन-उत्पादन जवळजवळ थांबले होते. युद्ध संपताच मागणी उसळली. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' ही नवी ट्रकमालिका आणली, तर जानेवारी १९४८ मध्ये फोर्डने आपली 'एफ' मालिका सादर केली. शेव्हरोले ३१०० मध्ये २१६ घन इंचाचे (सुमारे साडेतीन लिटरचे), एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. त्याची कमाल शक्ती ९० अश्वशक्ती होती. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या मध्ये पोलादी पट्ट्या होत्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि विद्युत यंत्रणा सहा व्होल्टची होती. वेगापेक्षा ओझे वाहण्याची क्षमता आणि शेतावरच दुरुस्त होण्याचा सोपेपणा यांवर या रचनेचा भर होता.

याचे एक उदाहरण इंजिनच्या बेअरिंगमध्ये मिळते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग म्हणजे बॅबिट या मऊ मिश्रधातूचा रॉडमध्येच ओतलेला थर असे. तो झिजला की मधल्या पातळ चकत्या काढून फट कमी करता येई. साधी हत्यारे व थोडे कसब असलेला शेतकरी हे काम स्वतः करू शके. बॅबिट ओतण्याचे कसब असलेल्या कार्यशाळा आता विरळ झाल्या आहेत. त्यामुळे अनेक जण मूळ इंजिन काढून १९५४ नंतरचे, पूर्ण दाबाचे वंगण व बदलता येणारी बेअरिंग असलेले २३५ घन इंचाचे इंजिन बसवतात. येथे रूपांतराचे कारण हौस हे नसून एका व्यवसायाचा लोप हे आहे.

गिअरबॉक्स : रचना आणि कसब

सुरुवातीच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारी दातेरी चक्रे एकमेकांत अडकवावी लागत. चालकाचा अंदाज चुकला की दाते खरखरत. यावरील उपाय म्हणजे डबल क्लच. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून इंजिनची गती जुळवायची आणि पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. ही गती जुळवण्याचे काम यंत्राकडे सोपवणारी सिंक्रोमेश पद्धत अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने विकसित केली. ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. पुढे १९३९ मध्ये बाजारात आलेल्या 'हायड्रामॅटिक' या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या विकासातही थॉम्पसनचा प्रमुख वाटा होता. म्हणजे चालकाच्या हातापायांतील कसब टप्प्याटप्प्याने यंत्रात उतरवण्याचा हा इतिहास एकाच अभियंत्याच्या कारकिर्दीत पाहावयास मिळतो.

शेव्हरोले ३१०० हा ट्रक या प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर उभा आहे. त्याच्या तीन गिअरच्या पेटीत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होते, पहिल्यास नव्हते. १९४८ पासून या पेटीचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आला. जादा किंमत देऊन चार गिअरची पेटीही घेता येई. तिचा दांडा जमिनीवर होता आणि पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे ७ : १ इतके होते. हा गिअर टाकला की भरलेला ट्रक माणसाच्या चालीने नांगरटीतून अथवा चढावरून निघे. अमेरिकन बोलीत त्यास 'आजीचा गिअर' असे प्रेमळ नाव मिळाले. रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्येच सुरू करण्याचा प्रघात होता. १९५४ मध्ये याच मालिकेत हायड्रामॅटिकचा पर्याय आला. थोडक्यात, सात-आठ वर्षांच्या या एकाच मालिकेत कसबाचे आणि स्वयंचलनाचे युग शेजारी शेजारी नांदलेले दिसते.

रस्ता बदलला

मग हा गिअरबॉक्स आज का बदलला जातो? याचे उत्तर ट्रकमध्ये शोधण्यापेक्षा रस्त्यांच्या इतिहासात शोधावे लागते. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर झाले. १९४७ चा ट्रक या महामार्गांच्या आधीचा आहे. त्याच्या मागील आसाचे प्रमाण ४.११ : १ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे चार फेरे होत. वरच्या गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट समान गतीने फिरत. मूळ मापाचे टायर धरून हिशेब केल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनचे मिनिटाला सुमारे ३,००० फेरे होतात. या इंजिनची कमाल शक्तीच ३,३०० फेऱ्यांना मिळते. साहजिकच महामार्गावर हे इंजिन सतत आपल्या मर्यादेजवळ धावते. कमाल पाचव्या गिअरचे प्रमाण सुमारे ०.७२ असलेली पेटी बसवली, तर मागील आस तोच धरला तरी फेरे सुमारे २,२०० वर येतात. म्हणूनच १९८० च्या दशकातील हलक्या पिकअपमधून काढलेली बोर्ग-वॉर्नर कंपनीची टी-५ ही पाच गिअरची पेटी या ट्रकमध्ये बसवण्याची पद्धत रूढ झाली.

मात्र हा बदल गिअरबॉक्सपाशी थांबत नाही. ३१०० मध्ये प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत फिरतो. ही नळी मागील आसाला पक्की जोडलेली असून चाकांचा रेटा तिच्यामार्गे पुढे पोहोचतो. कंपनीने ही रचना १९५५ च्या आरंभी सोडून दिली. आधुनिक पेटीस उघडा शाफ्ट लागतो. त्यामुळे पेटी बदलली की नळी जाते, नळी गेली की मागील आस बदलावा लागतो, आस बदलला की ब्रेक व स्प्रिंगांच्या बैठकांना हात लावावा लागतो. एका भागाची सोय पाहता पाहता वाहनाची निम्मी चालनयंत्रणा नवी होते. जुन्या वाड्याची एक तुळई बदलायला घ्यावी आणि अखेर अख्खा माळा उतरवावा लागावा, तसाच हा प्रकार आहे.

जीर्णोद्धाराची बाजू आणि तिच्या मर्यादा

यावरून जीर्णोद्धार हाच खरा मार्ग असे वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याच्याही मर्यादा आहेत. महाराष्ट्रात दगडी मंदिरांचा जीर्णोद्धार करताना कोरीव कामावर ऑइलपेंटचे थर चढवल्याची उदाहरणे सर्वपरिचित आहेत. श्रद्धा खरी असते, परंतु पुरावा झाकला जातो. ट्रकच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडते. हौद्यातील पोचे, दारावरील पुसट झालेले दुकानाचे नाव, शेतावर जोडलेले वेल्डिंग, जादा ओझ्यासाठी वाढवलेली स्प्रिंगची पाती हे सर्व त्या वाहनाच्या कार्यजीवनाचे दस्तऐवज असतात. आरशासारखा रंग दिलेला, पॉलिश केलेल्या लाकडाचा हौदा असलेला ट्रक विक्रीच्या माहितीपत्रकातील चित्राशी जुळतो, पण ज्याने तो तीस वर्षे राबवला त्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध तुटतो. कारखान्यातील पहिला दिवस जपण्यासाठी पुढचे दहा हजार दिवस खरवडून काढले जातात.

वास्तुजतनाच्या क्षेत्रात या प्रश्नाची चर्चा पूर्वीच झाली आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर्काच्या आधारे केलेले जीर्णोद्धार नाकारले आणि नवी भर मूळ भागापासून वेगळी ओळखता यावी असा आग्रह धरला. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेत हाच विचार वाहनांना लागू केला. वाहनाने आयुष्यभरात मिळवलेल्या खुणांना मूल्य देणे आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवणे हे तिचे मुख्य सूत्र आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. मूळ ब्रेकयंत्रणेत एकच मास्टर सिलिंडर आहे. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. ज्या ट्रकला रस्त्यावर आणायचे आहे, त्याला दुहेरी मास्टर सिलिंडर व सीटबेल्ट बसवणे यास इतिहासद्रोह म्हणता येणार नाही. विशेष म्हणजे हे बदल चौकटीला छेद न देता करता येतात व पुढे काढताही येतात. ज्या बदलासाठी चौकट कापावी लागते आणि मूळ भाग भंगारात जातो, त्याचे स्वरूप निराळे आहे.

लुप्त होणारे कसब

गिअरबॉक्सच्या प्रश्नास आणखी एक पैलू आहे. १९८० मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या हलक्या वाहनांपैकी सुमारे एक तृतीयांश वाहने हाताने गिअर बदलण्याची होती. २०२० च्या सुमारास हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये असा गिअरबॉक्स देणारा शेवटचा उत्पादक रॅम होता. त्यानेही २०१८ च्या मॉडेलनंतर तो बंद केला. अशा स्थितीत चार गिअरची जुनी पेटी चालवणारा चालक हाही एका अर्थाने साधनच ठरतो. डबल क्लच केव्हा मारायचा हे कानाने, तळपायाने व दांड्याच्या थरथरीने कळते. ते पुस्तकातून शिकता येत नाही. पेटी वस्तुसंग्रहालयात राहील, परंतु ती चालवण्याचे ज्ञान चालत्या ट्रकमध्येच टिकते. या दृष्टीने पाहता, पाच गिअरची पेटी बसवणारा रूपांतरवादी निदान क्लच व दांडा तरी जपतो. मात्र त्याच्या पेटीत सर्व पुढचे गिअर सिंक्रोमेश असल्याने डबल क्लचची गरज तेथे उरत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या प्रथमच निश्चित करण्यात आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चौकट, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खाजगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. या व्याख्येचा रोख खाजगी वाहनांवर आहे. मालवाहू वाहने तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवडीत जोडलेले शेव्हरोले ट्रक असोत वा कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातील डॉज आणि फार्गो असोत, भाजीपाला, ऊस व कापूस वाहणाऱ्या या वाहनांची इंजिने अनेकदा बदलली गेली आणि हौदे पुन्हा पुन्हा बांधले गेले. राबणाऱ्या वाहनाकडून अबाधित मूळ रूपाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या इतिहासाचाच नकार होय. राजेमहाराजांच्या मोटारी जतन होतील आणि बाजारसमितीच्या आवारात आयुष्य घालवलेला ट्रक भंगारात जाईल, अशी यातून शक्यता निर्माण होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, पिकअप ट्रक हा जन्मापासून बदलत आलेला असल्याने त्याचे एकच 'मूळ रूप' मानणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. दुसरा, रूपांतरामागे रस्ते, सुरक्षितता व लोप पावलेले व्यवसाय ही ठोस ऐतिहासिक कारणे असतात. म्हणून रूपांतरित ट्रक हाही आपल्या काळाचा पुरावा आहे. तिसरा, दोन्ही मार्गांचे मूल्यमापन एकाच कसोटीवर व्हावे : केलेला बदल परतवता येतो का, मूळ भाग जपून ठेवला आहे का आणि कामाची नोंद लिहिली आहे का. काढलेली पेटी तेलात भिजवून, चिठ्ठी बांधून फडताळात ठेवणारा मनुष्य पुढच्या अभ्यासकासाठी वाट मोकळी ठेवतो. चौथा, श्रमिकांच्या वाहनांसाठी जतनाची वेगळी व्याख्या आवश्यक असून तीत वापराच्या खुणांना दोष न मानता पुरावा मानले पाहिजे. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील जुने ट्रक, त्यांचे चालक व गॅरेजमधील वस्ताद यांच्या मुलाखती नोंदवून घेतल्यास या दिशेने आरंभ होऊ शकेल. डबल क्लच मारणारी पिढी वयोवृद्ध होत असल्याने या कामास विलंब परवडणारा नाही.