मल्टिपल स्क्लेरोसिस : मनाच्या दुखण्याचेही निदान हवे

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांना ग्रासणारा विकार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच चेतातंतूंवरील मायलिन या आवरणावर हल्ला चढवते आणि संदेशवहनात अडथळे निर्माण होतात. एका डोळ्याची दृष्टी अंधूक होणे, हातापायांना बधिरता येणे, तोल जाणे आणि कमालीचा थकवा ही त्याची परिचित लक्षणे. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होणारा हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्याचे मनावर होणारे परिणाम मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे सुसूत्र वर्णन केले. रुग्णांची स्मृती आणि भावना यांत होणाऱ्या बदलांकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. १९२६ मध्ये कॉट्रेल व विल्सन यांनी शंभर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत परिस्थितीशी विसंगत अशी प्रसन्नता हे ठळक लक्षण ठरले आणि नैराश्य गौण मानले गेले. आज चित्र नेमके उलटे दिसते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१७ मध्ये पुढे आलेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना नैराश्य आणि २२ टक्क्यांना चिंताविकार असतो. आत्महत्येचा धोकाही सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो.

कारणे अनेक

'एवढा आजार म्हटल्यावर मन खचणारच,' अशी समजूत घरात आणि कधी कधी दवाखान्यातही आढळते. ती अपुरी आहे. रोगाच्या अनिश्चिततेचा ताण असतोच. शिवाय मेंदूतील व्रण आणि दाह यांचाही भावनांच्या नियमनावर परिणाम होतो. औषधांकडेही पाहावे लागते. रोग उसळल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे झोप उडणे, चिडचिड, अतिउत्साह किंवा उदासी संभवते. इंटरफेरॉन-बीटा या औषधाच्या माहितीपत्रकात नैराश्याविषयी इशारा असतो. मात्र पुढील अनेक अभ्यासांत त्याचा स्पष्ट संबंध सिद्ध झालेला नाही.

निदानातील पेच

थकवा, झोपेच्या तक्रारी, मंदावलेले विचार आणि एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे नैराश्याची असू शकतात, तशीच मूळ रोगाचीही. केवळ त्यांवर भर दिल्यास नैराश्य नसताना ते आहे असे वाटते. ती सारी रोगाच्या खाती टाकल्यास खरे नैराश्य निसटते. म्हणून सततची खिन्नता, कशातच रस न वाटणे, निरर्थकतेची व अपराधीपणाची भावना आणि मृत्यूचे विचार यांना निदानात अधिक महत्त्व दिले जाते. गेल्या पंधरवड्यात उदास किंवा हताश वाटले का, आणि नेहमीच्या गोष्टींतील आनंद कमी झाला का, हे दोन प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी उपयोगी पडतात. उत्तर होकारार्थी आल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी आवश्यक ठरते.

याच्या उलट चूकही घडते. विख्यात ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांच्या सुरुवातीच्या तक्रारी काही काळ मानसिक ताणाच्या मानल्या गेल्या होत्या. मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान १९७३ मध्ये झाले, तेव्हा त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या.

काही रुग्णांना कारण नसताना हसू किंवा रडू कोसळते आणि ते आवरत नाही. आत दुःख वा आनंद असतोच असे नाही. भावनांच्या आविष्कारावरील मेंदूचे नियंत्रण तेवढे सुटलेले असते. यास नैराश्य समजणे चूक ठरते आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. कधी अतिउत्साह व नैराश्य आलटून पालटून येतात. अशा वेळी द्विध्रुवी विकाराची शक्यता तपासावी लागते, कारण त्यात केवळ नैराश्यरोधक औषध दिल्यास अतिउत्साह बळावू शकतो.

उपचार शक्य

मुख्य आजार पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप नसले, तरी त्यासोबतच्या नैराश्यावर उपचार होऊ शकतात. विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती, नैराश्यरोधक औषधे आणि झेपेल असा व्यायाम यांचा उपयोग होतो. मनःस्थिती बदलली म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. बदल केव्हा सुरू झाला याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. स्वभावातील फरक अनेकदा प्रथम कुटुंबीयांच्याच ध्यानी येतो, त्यामुळे तपासणीच्या वेळी त्यांनी सोबत असणे हितावह.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. जीव नकोसा झाल्याची भाषा रुग्णाच्या तोंडी आल्यास पुढील तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.