चढणीवरचा दिवा

वेल्ह्याहून केळदकडे निघाले की वाटेत आमचे पासली लागते. जवळच तोरणा उभा, बाकी डोंगरांच्या सोंडा आणि त्यांतून वळणे घेत जाणारा रस्ता. पुढे केळद, मग मढे घाट. घाट उतरला की कोकण. या रस्त्याने रात्री जाणाऱ्या माणसाच्या हाती कोणता उजेड होता, हे काही बखरीत सापडायचे नाही. आजोबांच्या पिढीने चूड पेटवून पायवाट तुडवली. बैलगाडीवाल्याने आसाखाली कंदील टांगला. बैल आपल्या चालीने चालत, कंदील आपल्या लयीत हले. दोघांनाही घाई नव्हती. सायकल आली आणि दिव्याची वेगाशी गाठ पडली.

सायकलीचे वय तसे फार नाही. 1885 साली इंग्लंडात स्टार्ली याने जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने चालणारी 'सेफ्टी' सायकल बनवली. 1888 साली डनलॉपने तिला हवेचा टायर दिला. त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. ज्यांच्या लोखंडी नांगराने पुढे महाराष्ट्राची शेते नांगरली, त्यांच्या उद्योगाचा आरंभ असा सायकलीपासून झाला. पुढे पुण्याला तर सायकलींचे शहर हेच नाव पडले.

दिव्याची कथा मात्र रखडतच चालली. प्रथम तेलाचा दिवा होता. खाचखळगा आला की तो डोळे मिटी. 1892 साली अमेरिकेत विल्सन नावाच्या गृहस्थाला भलतेच काही शोधताना कॅल्शियम कार्बाइड मुबलक बनवण्याची रीत सापडली. त्यातून कार्बाइडचा दिवा निघाला. वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे. पाणी थेंबथेंब पडे, वायू निघे आणि तो पांढराशुभ्र जळे. उजेड झकास, पण वास उग्र, आणि रोज खालची चुन्याची राड खरवडून काढायची. मग सेलची बत्ती आली आणि त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनॅमो. फॅरडेने 1831 साली दाखवलेले तत्त्व खेड्यातल्या माणसाच्या चाकाशी येऊन बसले. तेल नको, सेल नको. पाय हलवा आणि उजेड घ्या!

या डायनॅमोचे आम्हा मुलांना कोण अप्रूप! परंतु त्यात एक खोड होती. सायकल उतारावर सुटली की दिवा प्रखर होई. चढणीवर चाल मंदावली की तो पिवळा पडे, आणि माणूस उतरून सायकल ढकलू लागला की विझल्यातच जमा. म्हणजे वाट सोपी तेव्हा उजेड भरपूर, आणि अवघड तेव्हा अंधार.

मी दहाएक वर्षांचा असेन. वेल्ह्याचा बाजार करून अण्णा आणि मी परतत होतो. चढण लागली तसे अण्णा उतरले. मीही कॅरिअरवरून उतरून मागून रेटू लागलो. पावसाची भुरभुर होती. वळणावरून मागून जीप आली. अण्णांनी मला खेचून गटारात ढकलले. स्वतः मात्र सायकलीसकट पडले. डावा पाय मोडला. जीपवाला माणूस वाईट नव्हता. त्यानेच आम्हांला दवाखान्यात पोचवले. वाटेत एवढेच म्हणाला, "काय हो पाहुणे, बत्ती नाही का लावायची?"

अण्णा म्हणाले, "होती की. चालवत होतो तोवर होती."

हे उत्तर माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. दिव्याची कामे दोन. एक, आपल्याला दिसावे. दुसरे, आपण दिसावे. आम्ही पहिल्याचीच काळजी वाहिली. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने रस्त्यावरील वाहनांवर किती दिवे असावेत, कोठे असावेत आणि कोणत्या वेळात लावावेत हे ठरवण्याचा अधिकार दिला. त्यातल्या 'वाहन' या शब्दात सायकलही येते. शहरात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस धरीत आणि दंड करीत, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. डोंगरातल्या चढणीवर कोण पोलीस येणार?

दुसऱ्या कामावरून इंग्लंडात मोठा वाद माजला होता. 1927 च्या कायद्याने सायकलीला मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक, दोन्हींपैकी काहीही चालेल असे ठरले. दिवा सक्तीचा करायला तेथील सायकलस्वारांच्या संघटनेचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात गाडी थांबवता यावी, ही मोटार हाकणाऱ्याची जबाबदारी. मागचा दिवा सक्तीचा झाला की ती सायकलवाल्याच्या गळ्यात पडेल. पुढे महायुद्धात रस्त्यांवर काळोख केला गेला, तेव्हा मागचा दिवा सक्तीचा झाला. आणि 1945 साली कायद्याने तो कायम केला.

न्यायाच्या दृष्टीने मला त्या सायकलस्वारांचे म्हणणे पटते. अण्णांचा पाय त्यांच्या चुकीने मोडला नव्हता. पण न्याय कोणाच्या बाजूला होता, हे पाय मोडल्यावर कळून काय उपयोग?

आपल्या सरकारनेही 2020 साली सायकलीच्या परावर्तकांसाठी मानक सक्तीचे करणारा आदेश काढला. चांगलेच झाले. तथापि परावर्तक हा स्वतः जळत नाही. त्याच्यावर झोत पडावा लागतो. तो चिखलाने माखला, किंवा वळणामुळे झोत पोचलाच नाही, तर तो असून नसल्यासारखा. आमच्या रस्त्याला तर वळणेच वळणे. हल्ली पावसाळ्यात मढे घाट पाहायला शहरातून मोटारी येतात. त्यांचे झोत एवढे प्रखर की समोरून येणाऱ्याचे डोळेच दिपतात.

म्हणून मी वर्गात इतिहास शिकवता शिकवता हेही सांगतो. पुढचा दिवा विझला तर घरी उशिरा पोचाल. मागचा मात्र विझू देऊ नका. तो सेलवर चालणारा असावा, म्हणजे थांबलात तरी जळत राहील. चढणीला उतरलात तर सायकल रस्त्याच्या कडेच्या बाजूने ढकला. मडगार्डावर पांढरा पट्टा रंगवा. आणि मोठेपणी मोटार घ्याल तेव्हा दिसेल तेवढ्याच बेताने हाका.

अण्णा थकले आहेत. त्यांची सायकल पडवीत आहे, डायनॅमोसकट. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने तिच्या मागे एक छोटा लाल दिवा बसवला. अण्णांनी बटण दाबले, सायकल भिंतीला टेकवली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. चाक हलत नव्हते. दिवा जळत होता. बराच वेळ ते पाहत होते. मग म्हणाले, "हा त्या वेळी असता तर!"