मिरजेच्या एमआयडीसीतलं बिलिंग सॉफ्टवेअर: ऑटोमेशन कुठे, एआय कुठे?

मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये अनेक लहान-मोठ्या फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. अशा उद्योगांत बिलं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, मालाचा साठा एक्सेलमध्ये आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर असणं नवीन नाही. पण आता ही पद्धत महागात पडू शकते.

बदल का करावा लागतोय?

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. 1 ऑगस्ट 2023 पासून ही मर्यादा 5 कोटींवर आली. म्हणजे दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्यावर क्यूआर कोड घ्यावा लागतो. 10 कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल, तर 1 एप्रिल 2025 पासून ही नोंद 30 दिवसांत करावी लागते. त्यानंतर पोर्टल बिल स्वीकारत नाही.

चुकलं तर काय होतं?

समजा, एका फाउंड्रीने 1 लाखाचं कास्टिंग विकलं. त्यावर 18 टक्के, म्हणजे 18 हजार रुपये जीएसटी. हे बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसलं नाही, तर त्याला या रकमेचं क्रेडिट घेता येत नाही. साहजिकच तो पेमेंट अडवतो. चूक बिलाच्या नोंदीत असते, पण पगाराच्या तारखेला हात आखडतो तो फाउंड्री मालकाचा.

ऑटोमेशन आणि एआयमध्ये फरक काय?

ऑटोमेशन ठरलेल्या नियमाने चालतं. बिल तयार झालं की ते आपोआप पोर्टलवर जातं, साठ्यातून माल वजा होतो. आकडा तोच, तर उत्तरही तेच.

एआय अंदाज बांधतं. कच्च्या मालाच्या बिलाचा फोटो वाचणं, मालाच्या वर्णनावरून एचएसएन कोड सुचवणं ही त्याची कामं. लोखंडी कास्टिंगला 7325 सुचवेल, पण तोच तुकडा मशिनिंग होऊन पंपाचा भाग झाला, तर कोड बदलू शकतो. त्यामुळे सुचवलेला कोड माणसाने तपासायलाच हवा. रिटर्नची जबाबदारी करदात्याचीच असते, सॉफ्टवेअरची नाही.

सुरुवात कुठून करावी?

- आधी जुना डेटा साफ करा. एकच ग्राहक तीन नावांनी असेल, तर एआयही गोंधळेल.
- मग बिल आणि साठा जोडा. एआय सर्वांत शेवटी.
- महिनाभर जुनं आणि नवं सॉफ्टवेअर सोबत चालवून आकडे जुळवा.
- फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशोबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी ते विचारा.

वर्षानुवर्षं हिशोब सांभाळणाऱ्या ऑपरेटरला या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. कोणत्या ग्राहकाचं बिल कुठे अडतं, हे त्यालाच ठाऊक असतं.