फत्तेखानची जागा आणि दौलताबादचा हौद

दरवर्षी २० मार्चच्या आसपास आपल्या समाजातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांना परिषदेसाठी कुणी जागा देत नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली ‘जय भीम’ आणि ‘आमीन’ एकत्र. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपल्यातला कुणी भाषणाला उभा राहिला की हीच गोष्ट सांगतो आणि टाळ्या मिळवतो. मीही एकदा मिळवल्या आहेत.

गोष्ट खरी आहे. पण ती अर्धी आहे. महाडची हकिगत नीट पाहिली आणि तिच्याशेजारी सात वर्षांनंतरची दौलताबादची हकिगत ठेवली, तर टाळ्या वाजवणारे हात थोडे थबकतात. म्हणून दोन्ही एकत्र लिहितो आहे.

ठराव होता, पाणी नव्हतं

महाडच्या लढ्याची सुरुवात एका सरकारी कागदापासून होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा त्याचा अर्थ. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये हा ठराव मान्य करून चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. पुढे सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष झाले. तेही कायस्थ असून या चळवळीच्या बाजूचे.

म्हणजे कायदेमंडळाने हो म्हटलं होतं, नगरपालिकेनेही हो म्हटलं होतं. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला त्या तळ्याचं पाणी मिळालं नाही. कारण तिसरा एक निर्णय बाकी होता आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. तो गल्लीत, ओट्यावर, बाजारात होत होता. ‘यांना इथे येऊ द्यायचं नाही’ असा तो निर्णय.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली होती. आलेले बहुतेक जण शेतमजूर, गिरणी कामगार, पेन्शनीत निघालेले शिपाई. परिषदेच्या मंडपात पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये! गावात भरलेलं तळं, पालिकेचा ठराव खिशात, आणि पाणी मात्र विकत.

दुसऱ्या दिवशी सभा संपताना अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की आता सर्वांनी तळ्यावर जाऊन पाणी घ्यावं. बाबासाहेब पुढे, मागे शिस्तीत चाललेली माणसं. तळ्यावर जाऊन ती ओंजळभर पाणी प्यायली आणि शांतपणे परत आली.

तासा-दोन तासांत गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या निघाल्या. मंडपात जेवायला बसलेल्यांना, परतीच्या वाटेवर असलेल्यांना गाठून मारलं गेलं. बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. त्यांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे कोर्टात पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळं मात्र १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं.

त्या मारहाणीत जीव वाचवायला पळणाऱ्यांपैकी कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत. याची नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. दाराला कडी लावून बाहेरच्या लाठ्यांना तोंड द्यायची तयारी त्या घरांनी दाखवली. त्या घरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ज्या बायकांनी त्या जखमींना पाणी दिलं असेल, त्यांची तर नाहीतच.

डिसेंबर आणि जागा

महाडच्या पालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला जुना ठराव रद्द केला. लोकांनी हक्क वापरल्याबरोबर सभागृहाने तो काढून घेतला. मग बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडला जाऊन सत्याग्रह करायचं ठरवलं.

आता गाव तयार होतं. व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असं ठरवलं, त्यामुळे धान्य-सामान बाहेरून आणावं लागलं. आणि मंडप घालायला जागा मिळेना. जागा देणाऱ्यावर गावाचा बहिष्कार येणार, हे उघड होतं. अशा वेळी फत्तेखान यांनी आपली जागा दिली.

इतिहासाच्या पुस्तकांत फत्तेखानांच्या वाट्याला एखादी ओळ येते. पण त्या जागेवर काय काय घडलं पाहा. बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले, तिथून हजारो माणसांसोबत चालत महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच मंडपात त्यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, ज्यात महाडच्या परिषदेची तुलना फ्रान्सच्या राज्यक्रांतीतल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. तिथेच संध्याकाळी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने मनुस्मृतीचं दहन झालं. हे सगळं एका मुसलमानाच्या जमिनीवर.

पाण्याला मात्र त्या वेळी हात लावला गेला नाही. तळं खासगी मालकीचं आहे असा दावा काही सवर्णांनी दाखल केला होता आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन बोलले. सरकारशी आणि कोर्टाशी एकाच वेळी झुंज नको म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. माणसं तळ्याला फेरी मारून शांतपणे परतली. दावा खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत गेला आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

आपण तेव्हा कुठे होतो?

इथपर्यंत आलो की आपल्याला बरं वाटतं. फत्तेखान आपला, ती दारं उघडणारी घरं आपली. अभिमान वाटायलाच हवा.

पण एक साधी गोष्ट आपण सांगताना गाळतो. चवदार तळ्याचं पाणी मुसलमानांना बंद नव्हतं. बाबासाहेबांनी डिसेंबरच्या भाषणात हे बोलूनही दाखवलं: परधर्माच्या लोकांना तिथे मनाई नाही, गुराढोरांना आणि पाखरांना नाही, फक्त आम्हाला आहे. म्हणजे महाडचा मुसलमान त्याच तळ्यावर घागर भरत होता, जिथे शेजारचा महार दूर उभा होता. घागर भरताना त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. ते रोजचं होतं, इतकंच. अन्याय आपल्या अंगावर येत नसला की तो रिवाज वाटतो.

फत्तेखानांनी या रिवाजातून बाहेर पाऊल टाकलं, म्हणून ते मोठे. ते एकटे पुढे आले होते, हे मात्र विसरायला नको.

दौलताबाद, १९३४

आता दुसरी हकिगत. ती खुद्द बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

१९३४ साली ते आपल्या कार्यकर्त्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचं ठरलं. तो मुलूख निजामाचा. महिना रमजानचा. प्रवासात सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. काहींनी त्याच्या फरसबंदीवर बसून तोंड आणि पाय धुतले, आणि सगळे दरवाजाशी जाऊन परवानगीची चौकशी करू लागले.

तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान ओरडत आले की यांनी हौद बाटवला. शब्द अर्थात जातीवाचक होते. बघता बघता आजूबाजूचे लहानथोर मुसलमान जमले आणि शिव्यागाळ सुरू झाली. हे लोक माजले आहेत, यांना धडा शिकवला पाहिजे, अशी भाषा. आम्ही बाहेरगावचे आहोत, इथला रिवाज ठाऊक नव्हता, असं सांगून पाहिलं. मग गर्दी तिथल्या अस्पृश्यांवर उलटली की तुम्ही यांना आधी का सांगितलं नाही?

शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला. त्यांनी विचारलं, हेच का तुमचा धर्म शिकवतो? आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल का? गर्दीकडे उत्तर नव्हतं. ती गप्प झाली. पुढे किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत देऊन.

ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या लोकांनी काय केलं होतं? तोंड धुतलं, पाय धुतले. आपण वुजू करताना याहून वेगळं काय करतो? आणि महिना रमजानचा. त्या वृद्धाच्या तोंडात रोजा असणार. ज्या धर्मात पाणी, गवत आणि विस्तव यांत सर्वांचा हिस्सा आहे असं हदीसमध्ये सांगितलं आहे, ज्या धर्माच्या इतिहासात हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, त्या धर्माचा एक माणूस रोज्याच्या तोंडाने म्हणाला की पाणी बाटलं.

बाटण्याची ही कल्पना त्याला कुराणातून मिळालेली नव्हती. ती त्याला गावातून मिळाली होती. आपण कलमा पढला, पण गाव सोडलं नाही. गावाच्या उतरंडीत आपल्याला मिळालेली पायरीही सोडली नाही.

कोनाड्यातला पेला

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. आमच्या घरी संडास साफ करायला एक बाई यायच्या. आजी त्यांना ईदला शीरखुर्मा द्यायची, जुने कपडे द्यायची, त्यांच्या लेकीच्या लग्नाला पैसेही दिले होते. पण त्यांचा पेला वेगळा होता. मागच्या दाराच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. पाणी वरून ओतलं जायचं. आजी पाच वेळची नमाजी. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. मी लहानपणी एकदा त्याच पेल्याने पाणी प्यायलो, तेव्हा तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. ते हाताला अजून आठवतं. दौलताबादचा तो म्हातारा मला ओळखीचा वाटतो, तो म्हणूनच.

आज कोनाडे राहिले नाहीत. पण ‘त्यांच्यात मुलगी द्यायची नाही’ हे वाक्य बागवान, कुरेशी, अत्तार, खाटीक, छप्परबंद, पठाण, सय्यद यांच्या घरांत अजून चालतं. जमातीच्या कमिटीवर कोणत्या आडनावाची माणसं बसतात, मेहतर मुसलमान तिथे कधी दिसतो का, बाईचं म्हणणं ऐकायला एखादी बाई तरी असते का, हे आपापल्या गावात मोजून पाहावं. मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

महाडने काय शिकवलं

आज आपण हक्कांसाठी अर्ज करतो, मोर्चे काढतो, कोर्टात जातो. घर भाड्याने मिळत नाही, नोकरीत नाव पाहून नकार येतो, याविरुद्ध बोलतो. बोललंच पाहिजे. महाड सांगतं की ठराव मंजूर होऊन भागत नाही. तो वापरायला माणसांना स्वतः तळ्यापर्यंत चालत जावं लागतं, मार खावा लागतो, दहा वर्षं तारखा कराव्या लागतात. त्या माणसांत कुणी फार मोठं नव्हतं. आपापली भाकरी बांधून आलेली माणसं होती ती.

पण महाड आणि दौलताबाद मिळून आणखी एक गोष्ट सांगतात. सरकारने आपल्याशी न्यायाने वागावं, असं म्हणणाऱ्या समाजाच्या दाराशीही कुणीतरी उभं असतं, आणि त्याच्याशी कसं वागायचं हा निर्णय कुठल्याही सरकारचा नसतो. १९२७ मध्ये फत्तेखानांनी तो एका दिशेने घेतला. १९३४ मध्ये त्या गर्दीने दुसऱ्या. दोघेही आपलेच होते.

पुढच्या २० मार्चला तो मजकूर आला की मी तो पुढे पाठवणार आहे. फक्त त्याच्याखाली दौलताबादची हकिगत जोडून. टाळ्या कमी पडतील, ग्रुपमधले काही जण रागावतील. बाबासाहेबांच्या प्रश्नावर १९३४ ची गर्दी गप्प झाली होती. नव्वद वर्षं होऊन गेली, उत्तर अजून आपल्यालाच द्यायचं आहे.