ताणलेल्या दगडातले मासे

१/ स्वित्झर्लंडमधील ग्लारुस प्रांतात एंगी नावाचे गाव आहे. तेथील खाणींतून काळा पाटीचा दगड निघे. छपरे, टेबले आणि शाळकरी मुलांच्या पाट्या त्यापासून बनत. हाच दगड चिरताना त्याच्या थरांत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे मासे सापडत.

२/ लुई आगासी यांनी १८३३ ते १८४३ या काळात जीवाश्म-मत्स्यांवर पंचखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ‘अनेंकेलम’ हा ग्लारुसचा लांबट मासाही आहे. कोकणातील वाकटी याच कुळातली. कोणी सडपातळ, कोणी रुंद, अशा प्रमाणभेदांवरून आगासी यांनी त्याच्या अनेक जाती मानल्या.

३/ १८८६ साली अलेक्झांडर वेटश्टाइन यांनी या माशांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. मासा कसा दिसतो, याच्या आधी एक प्रश्न महत्त्वाचा ठरला: तो दगडात कोणत्या दिशेने पडला आहे?

४/ कारण आल्प्स पर्वत घडताना हे थर दाबले गेले आणि एका दिशेने ताणले गेले. ताणाला समांतर असलेला मासा लांब व बारीक झाला, काटकोनात असलेला आखूड व रुंद, आणि तिरका पडलेला कललेला. जात एकच, रूपे तीन.

५/ मग खरा भेद कसा ओळखावा? ताणामुळे लांबी, रुंदी व कोन बदलतात. संख्या बदलत नाही. म्हणून मणके आणि परांतील काटे मोजावेत. संख्या जुळल्याने जात एकच आहे असे सिद्ध होत नाही. परंतु केवळ आकाराचा फरक हा वेगळ्या जातीचा पुरावा उरत नाही.

६/ या कसोटीवर अनेंकेलमच्या अनेक ‘जाती’ एकत्र कराव्या लागल्या. उलट, माशाचा मूळ आकार ठाऊक असेल तर खडक किती ताणला गेला, हे त्याच्यावरूनच काढता येते.

७/ जीवसृष्टीचा इतिहास जातींच्या याद्यांवर उभा असतो. यादीत खोट्या जाती शिरल्या, तर प्राचीन समुद्राची विविधता फुगते आणि कधी नसलेल्या जातींचा विलयही नोंदला जातो. जुन्या दस्तऐवजांतील तफावतीचा अर्थ लावण्यापूर्वी नक्कलकाराचा हात तपासावा लागतो. येथे तो हात पर्वताचा होता.