लोणारला आलेले परदेशी

परदेशप्रवासाच्या आनंदावर मराठीत जे लेखन झाले ते बहुतेक इकडून तिकडे गेलेल्या प्रवाशांचे आहे. तिकडून आलेल्यांना आपल्या मुलखाने काय दिले, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर चांगले सापडते, कारण गेली दोनशे वर्षे देशोदेशीचे अभ्यासक ज्या विवराच्या ओढीने येथे आले, त्याच्या काठावर त्याआधी कितीतरी शतकांपासून यात्रेकरूंची ये-जा चालू होती आणि दोघांनाही एकाच उतारावरून खाली जावे लागले.

लोणारची कीर्ती युरोपीयांमुळे झाली, हा समज खरा नाही. अकबराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड जिंकल्यानंतर अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या परिसराची नोंद केली आणि काच व साबण करण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे लिहिले. उन्हाळ्यात विवरातील सरोवराचे पाणी आटले की काठावर क्षारांचा थर जमे. तो गोळा करणाऱ्यांनी त्याच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे दिली होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा येथे पोहोचण्यापूर्वीच हातांना आणि डोळ्यांना क्षारांमधला फरक कळत होता, या गोष्टीला लोणारविषयीच्या लेखनात मिळायला हवे तितके स्थान मिळालेले नाही.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली, आणि युरोपीय लेखनात लोणारचा वृत्तान्त तेथपासून सुरू होतो. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. 1853 च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर भूवैज्ञानिकांची वर्दळ वाढली. त्यांच्यापुढचे कोडे अवघड होते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा आणि दीडशे मीटरच्या आसपास खोलीचा हा जवळजवळ गोल खड्डा बसाल्टमध्ये, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकात आहे. खडक ज्वालामुखीचा असल्यामुळे खड्डाही ज्वालामुखीचाच, असे मानणे स्वाभाविक होते. गावाचे उत्तर वेगळे होते. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहत असे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडवून त्याचा वध केला आणि दैत्यसूदन हे नाव धारण केले, अशी ही कथा आहे. ते झाकण ढाकेफळजवळची टेकडी होऊन पडले, असेही सांगतात. वैज्ञानिक सिद्धान्त म्हणून ही कथा पुढे करण्याचे कारण नाही; मात्र हा खड्डा एका क्षणाच्या प्रचंड आघाताने झाला, ही कल्पना लोकमानसात रुजलेली होती, एवढे तीवरून निश्चित दिसते.

1896 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला. दोन्ही विवरे वाफेच्या स्फोटाने झाली असावीत, असा त्यांचा कल होता आणि पुढे तो दोन्ही ठिकाणी चुकीचा ठरला. 1912 मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी सरोवराचा व त्यातील सोड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्णायक पुरावा मात्र 1973 मध्ये पुढे आला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या भारतीय व अमेरिकी संस्थांतील चौघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचे मांडले. मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार या खनिजाचे प्रचंड आघातदाबाने झालेले काचेसारखे रूप. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, त्यामुळे उल्कापाताचा निष्कर्ष भक्कम झाला. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो 1865 मध्ये बिहारातील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली असल्याचे पुढील काळात मान्य झाले. चंद्र व मंगळ यांच्यावरील अनेक विवरे बसाल्टमध्ये असल्याने त्यांचा अभ्यास करणारे संशोधक आजही लोणारला येतात.

या अभ्यासकांना वाटेत जे भेटते ते खडकापेक्षा कमी मोलाचे नाही. काठावर बसाल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, आणि जवळच धारातीर्थावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडत असते. तिच्याखाली स्नान करून लोक देवदर्शनाला जातात. विवरात उतरले की पाणी खारे आणि इतके अल्कधर्मी की त्यात विशिष्ट सूक्ष्मजीवच टिकतात. तळाशी कमळजादेवीचे मंदिर आहे, नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि शेजारीच सासू-सुनेची विहीर आहे, जिचे अर्धे पाणी गोडे व अर्धे खारे, असे लोक सांगतात. क्षाराच्या प्रमाणाचा अभ्यास करायला आलेल्याला त्याच प्रश्नाचे घरगुती रूप इथे विहिरीच्या नावातच मिळते. परक्या संस्कृतीचा आनंद तो हाच: आपण ज्याचा शोध घेत आलो, त्याचा शोध इथल्या माणसांनीही आपापल्या रीतीने घेतला होता, हे प्रत्यक्ष दिसणे.

विवराच्या वयावर अजून एकमत नाही. एका मापनाने ते सुमारे 52,000 वर्षे, तर दुसऱ्याने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे येते. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे तपासणीत आढळले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. छत्रपती संभाजीनगरहून येणारे कित्येक पाहुणे काठावरून एक नजर टाकून अर्ध्या दिवसात परततात. त्यांनी, आणि मराठी वाचकांनीही, गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीवकाम आधी पाहावे आणि मगच स्थानिक वाटाड्यासह विवरात उतरावे.