तराजू, वही आणि कायदा : जव्हार-मोखाड्याच्या दुकानदारीचा मागोवा

जव्हारहून सिल्वासाकडे जाणाऱ्या रस्त्याने गेले की दाभोसा गाव लागते. लेंडी नदी येथे सुमारे 300 फूट उंच कड्यावरून खाली कोसळते. हा धबधबा पाहण्यासाठी पावसाळ्यात मुंबई आणि नाशिककडून माणसे येतात, चहा-भजी खातात, मक्याचे कणीस विकत घेतात आणि परत जातात. याच रस्त्याने एके काळी मीठ, गूळ, तेल, कापड डोंगरात जात असे आणि नागली, वरई, खुरासणी, मोहफुले, हिरडा खाली येत असे. या देवाणघेवाणीच्या मध्यभागी एक छोटे दुकान असे. राजे, लढाया आणि चळवळी यांचा इतिहास लिहिला गेला. त्या दुकानाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. आपला समाज व्यापारी समाज म्हणून ओळखला जातो. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना एक प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयास हवा. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये सरकारचा कायदा केव्हा आला, कशामुळे आला आणि आल्यावर काय घडले?

एक डोंगर, दोन राज्ये

जव्हार हे चौदाव्या शतकापासून मुकणे घराण्याचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे 310 चौरस मैल. शेजारचे मोखाडे मात्र इंग्रजी अमलाखाली, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा एक पेटा. डोंगर तेच, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी ही माणसेही तीच. परंतु एका अंगाला संस्थानचा हुकूम आणि दुसऱ्या अंगाला मुंबई सरकारचा कायदा. व्यापाऱ्याला या दोन्ही व्यवस्था सांभाळाव्या लागत.

पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुप्याच्या बाजारातून सुरू झालेल्या त्या दंग्यांत लोकांचा रोख कर्जखतांवर होता. जागोजागी वह्या आणि खते जाळण्यात आली. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. सावकाराच्या वहीला कायद्याने प्रश्न विचारण्याची आपल्याकडील ही पहिली मोठी वेळ. डोंगरातल्या दुकानापर्यंत मात्र तो प्रश्न पोहोचण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

खावटी आणि वही

या भागातील व्यापार समजून घ्यावयाचा तर ‘खावटी’ हा शब्द समजला पाहिजे. आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपते. शेतात राबावयाचे तर पोटात काही हवे. अशा वेळी दुकानदार धान्य देई आणि दिवाळीनंतर पीक हाती आले की ते वाढीदिढीने परत घेई. मणाला दीड मण, काही ठिकाणी दुप्पट. ‘पालेमोड’ या प्रथेत पुढे हाती येणारा माल पावसाळ्यातच उचलीवर, पडत्या भावात बांधला जाई. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबावे, ही ‘लग्नगडी’ची रीत तर सर्वांत वाईट.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. या उधारीवाचून पावसाळा निघत नव्हता, हे खरे. दुसरी कोणतीही बँक किंवा पेढी त्या पाड्यावर नव्हती, हेही खरे. दुकानदाराचा पैसा बुडण्याची भीतीही मोठी असे. परंतु माप दुकानदाराचे, वही दुकानदाराची, भावही त्यानेच ठरवलेला, आणि गिऱ्हाइकाला अक्षरओळख नाही, अशा ठिकाणी सज्जन माणसाचा व्यवहारही सहज एकतर्फी होऊ शकतो. पायली, अधोली, शेर ही मापे दुकानागणिक लहानमोठी असू शकत. देताना एक आणि घेताना दुसरे माप वापरणारे लोक होते, ही आठवण आदिवासी पाड्यांवर आजही पुसली गेलेली नाही.

1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करून घेतली. जमीनदार आणि सावकारांच्या हाताखालील मजुरांची अवस्था त्यांच्या अहवालातून सरकारदरबारी नोंदली गेली. पुढे 23 मे 1945 रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी आणि लग्नगडी यांविरुद्ध मोठा लढा उभा राहिला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि माणसे दगावली. कायदे कागदावर येण्यापूर्वी त्यांची किंमत अशी मोजली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर : वजने आणि परवाने

1948 मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले आणि हा भाग ठाणे जिल्ह्यात आला. दोन राज्यांचा डोंगर एका कायद्याखाली आला. मुंबई सावकारी अधिनियम 1946 चा होता. त्याने सावकारीला परवाना, ऋणकोला पावती आणि हिशेबाची प्रत देण्याचे बंधन, आणि व्याजाच्या दरावर मर्यादा आणली. 1954 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, 1956 मध्ये वजन-मापांचा कायदा झाला आणि 1962 पर्यंत शेर-मणांची जागा किलोने घेतली. दुकानातल्या वजनावर सरकारचा शिक्का आला.

त्या काळी अनेक दुकानदारांना हा जाच वाटला असणार. तरीही आपल्या परंपरेकडे पाहिले तर यात परके काहीच नव्हते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान म्हणजे कमीजास्त माप, प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ आणि विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याचे नियम डावलून केलेला व्यापार, या तिन्हींचा स्पष्ट समावेश आहे. वजने-मापे, भेसळ आणि कर या तीन विषयांवर सरकारने विसाव्या शतकात जे केले, ते व्रत म्हणून शास्त्रकारांनी कितीतरी शतके आधी सांगून ठेवले होते. ते आपण सर्वांनी पाळले असते, तर निरीक्षकाची गरज किती उरली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

1975 : एका रात्रीत कोरी झालेली वही

आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांचा आरंभ ज्या काळात झाला, नेमक्या त्याच काळात या भागाच्या व्यापाराचे सारे चित्र बदलले. 1974 मध्ये जमीन महसूल संहितेत दुरुस्ती होऊन आदिवासींची जमीन बिगर आदिवासीस परवानगीवाचून देण्यास बंदी झाली. पाठोपाठ गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदाही आला. ऑगस्ट 1975 मध्ये कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर, मजूर यांची सावकारी कर्जे रद्द झाली आणि गहाण वस्तू परत करण्याचा आदेश झाला. सावकारांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. परंतु 1977 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने हा कायदा वैध ठरला.

त्याच सुमारास, 1976 मध्ये, आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करणारा कायदा आला आणि एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली. 1972 मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ, आदिवासी सहकारी सोसायट्यांमार्फत, ठरवून दिलेला शेतमाल आणि वनोपज एकट्याने खरेदी करणार; खाजगी व्यापाऱ्याने तो घ्यावयाचा नाही. नागली-वरईच्या खरेदीवर ज्याची निम्मी दुकानदारी उभी होती, त्याच्या पायाखालची जमीन सरकली. काहींनी किराणा आणि कापडापुरते दुकान मर्यादित केले, काहींनी शहराची वाट धरली.

परंतु पावसाळा तर दरवर्षी येतोच. वही कोरी झाली, पण आषाढातले रिकामे मडके भरावयाचे कोणी? सरकारनेच याचे उत्तर म्हणून महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना आणली. म्हणजे दुकानदाराच्या वहीतील शब्द सरकारी योजनेचे नाव झाला! रोजगार हमीचा कायदाही 1977 मध्ये मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. रोख मजुरी हाती येऊ लागली, तसे उधारीचे जुने बंधन सैल होऊ लागले.

या कायद्यांनी चांगले झाले की वाईट, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. लग्नगडी आणि दुप्पट वाढीची खावटी यांच्यापासून माणूस मोकळा झाला, हे निःसंशय मोठे काम झाले. मात्र सरकारी खरेदीची एक अडचण अनुभवास येत राहिली. केंद्र उशिरा उघडले, बारदान संपले, पैसे हातात पडण्यास विलंब झाला, की आठवड्याच्या बाजारासाठी मीठमिरची लागणारा माणूस पुन्हा गुपचूप व्यापाऱ्याकडेच वळे. आणि गुपचूप झालेल्या व्यवहारात भाव नेहमी दुबळ्यालाच कमी मिळतो. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. कायदे, योजना, महामंडळ आणि दुकाने हे सारे असूनही पाड्यावरच्या मुलाच्या पोटापर्यंत घास पोहोचला नव्हता. त्या अपयशात सरकारचा वाटा मोठा असला, तरी समाज म्हणून आपण सारे त्यापासून अलिप्त राहू शकत नाही.

कराची वही

सावकारीचा प्रश्न मागे पडला, तसा छोट्या दुकानदारापुढे कराचा प्रश्न आला. मुंबई प्रांतात विक्रीकर 1946 पासूनचा. राज्यातील नगरपालिकांची जकात 1999 मध्ये रद्द झाली. 1 एप्रिल 2005 रोजी मूल्यवर्धित कर आला, तेव्हा देशभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली होती. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. 1 एप्रिल 2019 पासून मालाची विक्री करणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांवरून 40 लाख रुपये झाली आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यास एक टक्का आपसमेळ कराची सोय मिळाली. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले.

डोंगरातल्या बहुतेक दुकानांना नोंदणीचीच गरज नाही. पण ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल घ्यावयाचा तो नोंदलेला असतो आणि कर किमतीत मिसळूनच येतो. 18 जुलै 2022 पासून बांधून लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या धान्यावर 5 टक्के कर लागला. पोत्यातून तराजूवर तोलून दिलेले सुटे धान्य मात्र करमुक्त राहिले. म्हणजे जुन्या तराजूलाच नव्या कायद्याने एक सवलत दिली. ती सवलत टिकते ती तोलणाऱ्याच्या सचोटीवर.

नवा दुकानदार

1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम यांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गावचा बाजार, सावकारी आणि गौण वनोपज यांबाबत अधिकार दिले. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके या क्षेत्रात येतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे हेलपाटेही कमी झाले.

आज दाभोशासारख्या ठिकाणी पर्यटकाला चहा देणारा, वारली चित्र विकणारा, राहण्याची सोय करणारा तरुण पुष्कळदा आदिवासीच असतो. ज्याचे आजोबा खावटीसाठी दुकानासमोर उभे राहिले, तो आता गल्ल्यामागे बसू लागला आहे. त्याच्या अडचणी मात्र आपल्या वाडवडिलांच्या परिचयाच्याच आहेत. भांडवल कमी, पावसाळी चार महिन्यांचे गिऱ्हाईक, अन्न परवाना, बँकेचे कागद. 2021 मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाराला बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी लघुउद्योगाचा दर्जा मिळाला. पण त्याची माहिती शेवटच्या पाड्यापर्यंत गेली पाहिजे. 2020 मध्ये महामारीच्या संकटात सरकारने खावटी अनुदान पुन्हा दिले, प्रत्येक कुटुंबाला 4,000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. जुना शब्द पुन्हा आठवावा लागला, यातच या भागाची नाजूक अवस्था दिसते.

पन्नास वर्षांचा हिशेब

या इतिहासातून धोरणकर्त्यांना एक सांगावेसे वाटते. छोट्या व्यापारावर बंदी घालून त्याची जागा भरता येत नाही. त्याच्या शेजारी वेळेवर उघडणारे खरेदी केंद्र आणि वेळेवर मिळणारे कर्ज उभे करावे लागते. तोपर्यंत गिऱ्हाईक जुनाच उंबरठा झिजवणार. आणि आपल्या समाजाला सांगावयाचे ते असे की, जेथे जेथे कायदा आला, तेथे तेथे त्याच्या आधी कोठेतरी माप कमी पडले होते. सर्वांचे नाही, पण काहींचे पडले होते. आणि ते पाहूनही आपल्यापैकी अनेक गप्प राहिले होते.

आपल्या वडीलधाऱ्यांकडे जो व्यवहाराचा अनुभव आहे, हिशेब ठेवण्याची जी शिस्त आहे, ती दाभोशाच्या त्या तरुण दुकानदाराच्या कामी आली, त्याला वही लिहिण्यास, कराचा कागद भरण्यास, बँकेशी बोलण्यास कोणी हात दिला, तर तो उपकार ठरणार नाही. ती एका फार जुन्या उधारीची परतफेड होईल. वाढीदिढीने नाही, परंतु पुऱ्या मापाने.